हा पोरखेळ नव्हे!

संशोधन तेवढे गंभीर आणि खेळ तेवढा पोरकट, ही समजूत आपल्या विद्वन्मंडळींत फार दिवस घर करून बसली आहे. पोथ्यांच्या अभ्यासकाने ग्रंथ वाचावेत, टिपणे काढावीत, छायाचित्रे जमवावीत. परंतु त्याने स्वतः बोरू हाती धरून अक्षरांशी खेळावे असे कोणी सुचविले, की लगेच त्याचा उपहास होतो. या उपहासाला आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्या परंपरेचा अभिमान ही मंडळी मिरवितात, तिच्याच साक्षीने तो खोटा ठरतो.

सोळाव्या शतकातील पार्थपूरचे, म्हणजे आजच्या पाथरीचे, सूर्यपंडित पाहा. सरळ वाचता रामकथा आणि उलट वाचता कृष्णकथा, असे विलोमकाव्य त्यांनी रचले. आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिणारे सूर्यपंडित ते हेच! शब्दक्रीडेने त्यांच्या पांडित्याला उणेपणा आला काय?

छंदःशास्त्रातील प्रस्तार घ्या. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. मग पाच मात्रांचा चरण किती प्रकारे बांधता येईल? कागदावर मांडून पाहावे. शेवटी लघू ठेवला तर मागे चार मात्रा उरतात, त्यांचे ५ प्रकार, गुरू ठेवला तर तीन मात्रा उरतात, त्यांचे ३ प्रकार, मिळून ८. या रीतीने निघणारी १, २, ३, ५, ८, १३ ही संख्यामाला हेमचंद्राने बाराव्या शतकात सांगितली. इटलीच्या फिबोनाचीचा ग्रंथ त्यानंतर, १२०२ मधला. पद्यरचनेच्या खेळातून गणिताचा सिद्धांत हाती आला, याहून अधिक पुरावा कोणता हवा?

आता पोथ्यांकडे वळू. एखाद्या अपरिचित स्तोत्राच्या वीस ओळी घ्याव्यात. पहिल्याने त्या मूळावरून उतराव्यात, दुसऱ्याने व तिसऱ्याने पहिल्याच्या प्रतीवरून, चौथ्याने तिसऱ्याच्या प्रतीवरून. मग मूळ झाकून चारही प्रती, त्यांचा क्रम न सांगता, पाचव्याच्या हाती द्याव्यात आणि म्हणावे, 'कोणती प्रत कोणापासून झाली ते ओळख आणि मूळ पाठ सिद्ध कर.' दोन ओळींचा शेवट सारखा असला की डोळा मधली ओळ गाळतो; अनोळखी शब्दाच्या जागी हात ओळखीचा शब्द लिहून जातो. पहिल्याचीच चूक चौघांत उतरली असेल, तर चार साक्षी मिळूनही पाठ अशुद्धच राहतो. प्रती मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात, हे सूत्र अशा एका संध्याकाळी जसे मनात ठसते तसे दहा व्याख्यानांनी ठसत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्या प्रचंड कार्यामागेही पाठांची तुलना करून त्यांचे नाते शोधण्याचीच दृष्टी होती. आमचा खेळ त्याच विद्येची ओनामासी होय.

यावर आक्षेप येईल, की खेळाने स्वैर कल्पनेला ऊत येईल. उलट, खेळाइतका नियमांना बांधलेला व्यवहार दुसरा नाही! खेळात सुचलेला तर्क हा पुरावा नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. पुरावा पोथीतच शोधावा लागेल. परंतु तर्कच ज्याला सुचत नाही, तो पोथीत शोधणार तरी काय? नुसती छायाचित्रे जमविल्याने पोथी जपली जाते, उमगत नाही.

कित्येक घरांतून, मठांतून व देवळांतून रुमालांत बांधलेल्या पोथ्या वाचकाची वाट पाहत आहेत. तो वाचक घडवायचा असेल, तर येत्या चातुर्मासात सभामंडपाच्या एका कोपऱ्यात चार मुले, चार बोरू आणि एक स्तोत्र एवढी सिद्धता पुरेशी आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. मात्र हसून झाल्यावर एक प्रत त्यांनीही उतरून पाहावी.