गाडी का बिघडली? न फिरवल्यामुळे!

भाकरी का करपली? घोडा का अडला? पानं का सडली? या तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर आपण लहानपणी ऐकलंय - न फिरवल्यामुळे. माझं म्हणणं आहे की यात आता चौथा प्रश्न घालून टाकावा. गाडी का बिघडली?

नागरा म्हणजे गोंदियाला लागून असलेलं, जुन्या शिवमंदिराचं आमचं गाव. पोरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, कुणी त्याही पलीकडे. गाडी मात्र गावच्या घरी, टिनाच्या शेडमध्ये, वर प्लास्टिकचं कव्हर. दिवाळीत आठ दिवस आणि उन्हाळ्यात आठ दिवस चालते, बाकी वर्षभर उभी. आमच्या घरीही दादाची गाडी अशीच उभी आहे. "चालवलीच नाही, म्हणून नव्यासारखी आहे," असं सगळे कौतुकाने सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. चालती गाडी झिजते हे खरं, पण उभी गाडी कुजते. झिजलेला भाग बदलता येतो, कुजणं मात्र सगळीकडून एकदम येतं.

म्हणजे बघा, गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खातच असतात. बॅटरी अशी अर्धवट उतरून पडली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट चढतं, आणि मग ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हे आणखी लवकर होतं. टायरचंही तेच. रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात घातलेली द्रव्यं टायर फिरला, दबला, की पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरला तो लाभ नाही. वर एकाच जागी भार, त्यामुळे तळ चपटा. नक्षी कोरी दिसते म्हणून टायर नवा समजू नका. बाजूच्या चार आकड्यांत त्याची जन्मतारीख असते. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा.

पेट्रोल साठवून ठेवायची वस्तू नाही. त्यातला हलका भाग उडून जातो, चिकटा उरतो. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या धानाच्या मुलखात पावसाळाभर हवेत पाणीच पाणी! ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, हॅण्डब्रेक ओढून ठेवला असेल तर तो धरून बसतो. प्लास्टिकचं कव्हर तर ओल आत कोंडून ठेवतं. आणि धान घरात आलं की मागोमाग उंदीर येतात. त्यांना बॉनेटखालच्या उबेत घरटं करायला आणि वायरी कुरतडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आमचे बाबा दर रविवारी गाडी पाच मिनिटं सुरू करून बंद करतात. भावना चांगली, उपाय मात्र उलटा. तेवढ्यात इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि स्टार्टरने खाल्लेली वीज बॅटरीत परत येत नाही. पंधरा-वीस किलोमीटर खरंच चालवली तरच उपयोग.

हे काही एकट्या नागऱ्याचं दुखणं नाही. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा देशभरच्या गाड्या उभ्या राहिल्या, आणि उठल्यावर पहिलं गिऱ्हाईक बॅटरीवाल्याकडे. त्याआधी २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात सडवू नका, फोटो आणि बंधपत्र घेऊन मालकाला परत करा. ठाण्यातल्या गाडीसाठी जे कोर्टाला कळलं, ते घरच्या गाडीसाठी आपल्याला का कळू नये?

उभी गाडी फुकट उभी राहते असंही नाही. विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस गेला. १५ वर्षांनी नोंदणी वाढवायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली. गाडी १०० किलोमीटर चालली की लाखभर, हे तिथे कुणी विचारत नाही.

पण मला खरं टोचतं ते वेगळंच. रात्री-बेरात्री शेजारच्या आजींना गोंदियाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर कव्हरखाली गाडी असून ऑटो शोधत फिरायचं! "दुसऱ्याच्या हाती दिली आणि ठोकली तर?" हा प्रश्न येणारच. अहो, चालू विमा आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स असलं की मालकाच्या संमतीने घरची गाडी दुसऱ्याने चालवता येते. भाड्याने मात्र द्यायची नाही. ओरखडा पडेल, पडू द्या. उंदरापेक्षा पुतण्या बरा.

म्हणून माझं मत सरळ आहे. गावात विश्वासाचा माणूस असेल तर त्याच्याकडे किल्ली द्यावी, त्याने दर पंधरवड्याला आमगावपर्यंत एक चक्कर मारावी. तसा माणूस नसेल तर गाडी धड आहे तोवर विकून टाकावी, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

दादा, तू हे वाचशीलच. किल्ली कुणाला द्यायची ते तू ठरव, पण दिवाळीच्या आत ठरव.