सरळ दात, सावध ग्राहक

पन्नाशीत दात सरळ करून घेणे ही आजवर थट्टेची बाब मानली जाई. पारदर्शक अलाइनरमुळे तारेचा संकोच आता उरलेला नाही. दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे बनते आणि दात सरकतो. ही क्रिया प्रौढ वयातही चालते. तेव्हा या इच्छेला हिणविण्याचे कारण नाही. मात्र हिरड्या निरोगी हव्यात. तंबाखू व मिश्रीची सवय जुनी असलेल्या खानदेशात आधी हिरड्यांची तपासणी आणि मगच दातांचा साचा, हा क्रम चुकता कामा नये.

खरी अडचण व्यवहाराची आहे. उपचार महिनोन्महिने चालतो. पैसे मात्र पुष्कळदा आगाऊ किंवा कर्ज काढून दिले जातात. घरपोच अलाइनर पुरविणारी ‘स्माइलडायरेक्टक्लब’ ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्धवट राहिलेले ग्राहक वाऱ्यावर सुटले.

जळगावच्या सराफ बाजारात ग्राहक हॉलमार्क पाहून सोने घेतो. दातांच्या बाबतीत त्याने कमी चोखंदळ का असावे? प्रत्यक्ष तपासणारा दंतवैद्य कोण, एकूण खर्च किती, नंतरच्या रिटेनरचे पैसे वेगळे काय, हे जळगाव-धुळ्याच्या ग्राहकाने लेखी मागावे आणि रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली, हे खरे. परंतु आयोगाचा निकाल लागेपर्यंत सरकलेला दात थांबत नाही. म्हणून हिशेब आधीच झालेला बरा.