कॅशबॅक घ्या, पण त्याला कमाई म्हणू नका



नाशिकच्या एका बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एक ताई माझ्याकडे आल्या. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, तीन वर्षं झाली, दोन बायका हाताखाली कामाला, जीएसटी नंबरही घेतलेला. एकदम खूश होत्या. "सर, पाऊच सील करायचं मशीन ऑनलाइन घेतलं. २३,६०० ला पडलं, पण कार्डावर हजार रुपये कॅशबॅक मिळाला!"

मी म्हटलं, "छान. बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकलाय ना?"

ताई गप्प. ऑर्डर घरच्या खात्यावरून केली होती, कारण ऑफर त्याच खात्यावर होती.

आता हिशोब बघा. २३,६०० मध्ये मशीनची मूळ किंमत २०,००० आणि १८ टक्के जीएसटी ३,६००. बिलावर त्यांचा नंबर असता, तर हे ३,६०० इनपुट क्रेडिट म्हणून त्यांना स्वतःच्या जीएसटीतून वळते करून घेता आले असते. बिलावर नंबर नाही, म्हणजे क्रेडिट नाही. हजार मिळाले आणि छत्तीसशे गेले. आमच्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथे तर मसालेवाल्या ताईंनाच तो महाग पडला.

यात त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. कॅशबॅक कसा मिळवायचा हे सांगणारे शेकडो व्हिडिओ आहेत. व्यवसाय करणाऱ्या माणसाने तो कधी सोडायचा, हे सांगणारा एखादाच. म्हणून आज हा विषय घेतलाय.

आधी समजून घ्या, हे पैसे देतं कोण?

फुकट कोणी काही देत नाही, हे आपल्याला दुकानात बसून कळतं आणि मोबाइल हातात घेतला की आपण विसरतो.

कॅशबॅक पोर्टलचं काम सोपं आहे. आपल्याकडचं ओळखीचं नाव म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेलं कॅशकरो. तुम्ही त्यांच्या लिंकवरून मोठ्या शॉपिंग साइटवर जाता आणि खरेदी करता. गिऱ्हाईक आणून दिलं म्हणून ती शॉपिंग साइट पोर्टलला कमिशन देते आणि पोर्टल त्यातला काही भाग तुम्हाला देतं. म्हणजे ही दलालीच आहे, फक्त दलाल आपल्या दलालीतला वाटा गिऱ्हाइकाला देतोय. यात वाईट काहीच नाही.

कार्डाची गोष्ट वेगळी. गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड घासतं तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम कापली जाते. त्याला एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातूनच तुमचे पॉइंट आणि कॅशबॅक निघतात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून हा एमडीआर शून्य आहे. आता कळलं का, मोठमोठ्या ऑफर क्रेडिट कार्डावरच का असतात?

बँकेच्या कमाईचा दुसरा रस्ता म्हणजे वेळेवर बिल न भरणारे लोक. त्याकडे पुढे येतोच.

माझे १,९२० रुपये

मी स्वतः यात फसलोय, ते सांगतो. ट्रेनिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा होता, किंमत ४८,०००. एका पोर्टलवर ४ टक्के कॅशबॅक दिसला. मी मनातल्या मनात १,९२० रुपये कमीही करून टाकले. लिंकवरून गेलो, ऑर्डर केली. आठ दिवस झाले तरी पोर्टलवर काहीच दिसेना. तक्रार केली, उत्तर आलं की खरेदी ट्रॅक झालेली नाही.

चूक माझीच होती. लॅपटॉप मी आधीच कार्टमध्ये टाकून ठेवला होता. वर पैसे भरताना दुसऱ्याच साइटवरून मिळालेला कूपन कोड लावला. साइटच्या दृष्टीने गिऱ्हाईक कोणी आणलं? शेवटी ज्याचा कोड लागला त्याने. पोर्टल बाजूला.

तेव्हा पोर्टल वापरायचंच असेल तर कार्ट रिकामी ठेवा, पोर्टलच्या लिंकवरून जा, त्याच वेळी खरेदी पूर्ण करा, बाहेरचा कूपन लावू नका आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवा. कार्डाच्या ऑफरमध्ये बऱ्याचदा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती आधी चालू करावी लागते, नाहीतर पैसे येत नाहीत. 'जास्तीत जास्त किती' ही ओळ वाचल्याशिवाय टक्केवारीकडे बघूच नका. १० टक्के लिहिलेलं असतं आणि मर्यादा ५०० रुपयांची असते.

आणि सगळं नीट झालं तरी पैसे लगेच येत नाहीत. माल परत करायची मुदत संपेपर्यंत ते 'पेंडिंग' दिसतात. महिना, दोन महिने, कधी तीन. नोकरदार माणसाला चालतं. पण आपल्याला उद्या कच्चा माल आणायचाय. पेंडिंग कॅशबॅकने व्यापाऱ्याची उधारी फिटत नाही.

खरा खड्डा कुठे आहे

आता त्या दुसऱ्या रस्त्याकडे येऊ. समजा तुम्ही ४०,००० चा माल कार्डावर घेतला. ५ टक्के कॅशबॅक, म्हणजे २,०००. बिल आलं तेव्हा गल्ल्यात पैसे नव्हते, म्हणून फक्त 'मिनिमम ड्यू' भरला. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. ४०,००० वर १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. एका महिन्याला १,६५२. दुसऱ्या महिन्यातच कॅशबॅक संपून तुम्ही खिशातून भरायला लागता. शिवाय जुनी बाकी असताना नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, ते वेगळंच.

वर्षाचा हिशोब केला तर हे व्याज चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. खेळतं भांडवल हवं असेल तर बँकेत जाऊन मुद्रा कर्ज मागा, बचत गटातून घ्या. कॅशबॅकच्या नादात क्रेडिट कार्डाला भांडवल समजू नका. मी धंदे बंद पडताना बघितलेत, आणि त्यातले बरेचसे गिऱ्हाईक नाही म्हणून नाही, व्याज झेपलं नाही म्हणून बंद पडले.

'नो कॉस्ट ईएमआय'चंही तेच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. ते व्याज कुठेतरी किमतीत किंवा सोडलेल्या सवलतीत बसलेलं असतंच.

मग माझं मत काय?

कॅशबॅक घेऊ नका असं मी सांगत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरंच आहे. वर्षाला तीन लाखांची खरेदी तुम्ही तशीही करणारच असाल आणि त्यावर दोन टक्के सुटले, तर सहा हजार होतात. ते का सोडायचे?

पण क्रम उलटा नको. आधी गरज, मग भाव, मग बिल, आणि सगळ्यात शेवटी कॅशबॅक. मी माझ्यासाठी चार प्रश्न ठरवलेत:

१. ऑफर नसती तरी ही वस्तू मी याच आठवड्यात घेतली असती का?

२. गावातल्या होलसेलरचा भाव, त्याची उधारी आणि बिघडल्यावर त्याची सर्व्हिस धरूनही ऑनलाइन स्वस्त पडतंय का?

३. धंद्याच्या नावाने, जीएसटी नंबरसह बिल मिळतंय का? (कंपोझिशनमध्ये असाल किंवा जीएसटी नंबरच नसेल तर क्रेडिटचा प्रश्न येत नाही. पण धंद्याच्या नावाचं बिल तरीही घ्याच.)

४. कार्डाचं पूर्ण बिल तारखेच्या आत भरायला पैसे आजच वेगळे काढून ठेवता येतील का?

चारही उत्तरं 'हो' असतील तर बिनधास्त घ्या. एक जरी 'नाही' आलं तर ऑफर सोडून द्या. आणि मिळालेला कॅशबॅक उत्पन्न म्हणून मिरवू नका, धंद्याच्या खरेदीचा खर्च तेवढा कमी झाला म्हणून वहीत लिहा. घरचं कार्ड आणि धंद्याचं कार्ड वेगळं ठेवा. बऱ्याच घरगुती कार्डांच्या अटींत धंद्याची खरेदी चालत नाही, तेही एकदा वाचून घ्या.

अजून एक. 'तुम्हाला कॅशबॅक लागलाय, पिन टाका' असा मेसेज आला तर तो चोर आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा.

आणि तुम्ही द्यायचा का?

हा प्रश्न मला नेहमी येतो. "सर, मोठ्या कंपन्या देतात, मग आपणही दहा टक्के परत द्यायचे का?" आधी मार्जिन बघा. शंभर रुपयांच्या विक्रीत वीस रुपये सुटत असतील आणि दहा तुम्ही परत दिले, तर नफा अर्धा झाला. आधीएवढंच कमवायला विक्री दुप्पट करावी लागेल. दुप्पट मसाला कुटणार कोण, पॅक करणार कोण? मोठ्या कंपन्या गुंतवणूकदाराच्या पैशावर वर्षानुवर्षं तोटा सोसू शकतात. तुमचा गुंतवणूकदार म्हणजे घरातलं सोनं.

द्यायचंच असेल तर पुढच्या खरेदीवर छोटी सूट द्या, मुदत घालून. म्हणजे गिऱ्हाईक परत येईल तेव्हाच तुमचा खर्च होईल.

त्या ताईंनी नंतर काय केलं? धंद्याच्या नावाने वेगळं खातं उघडलं आणि त्यात जीएसटी नंबर भरून ठेवला. पुढचे पाऊच त्यांनी ओळखीच्या होलसेलरकडूनच घेतले, कॅशबॅकशिवाय, पण पंधरा दिवसांच्या उधारीवर. मला म्हणाल्या, "सर, ह्या पंधरा दिवसांत माझा माल विकून होतो."

तुमचं गृहपाठ एवढंच: मागच्या तीन महिन्यांत किती कॅशबॅक आला ते एका कागदावर लिहा. शेजारी, ऑफर नसती तर जे घेतलंच नसतं, त्याची बेरीज लिहा. कुठला आकडा मोठा आहे, ते बघा.