वेड पांघरून पेडगावला

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या पेडगावचे. म्हणीतले पेडगाव श्रीगोंद्याकडचे, बहादूरगडाचे, असे मानतात. तरी गावाचे नाव सांगितले की ऐकणारा आमच्याकडे पाहूनच हसतो. तेव्हा वेड पांघरण्याविषयी चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार मान्य व्हावा. नशेच्या पदार्थांबाबत आपला कायदा आणि आपला सुशिक्षित समाज नेमके हेच करत आले आहेत.

महाराष्ट्रातल्या दारूविषयक मूळ कायद्याचे नाव आहे दारूबंदी अधिनियम, 1949. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. तो कायदा राबवणारे खाते मात्र उत्पादन शुल्काचे, आणि त्याच्या महसुलावर राज्याचा अर्थसंकल्प विसंबलेला. जोतीराव फुल्यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांना विरोध केला, तेव्हाही प्रश्न तिजोरी की गरिबाचा संसार हाच होता. तंबाखूची कथा वेगळी नाही. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण सिगारेट-विडी वेष्टनावर रोगाचे चित्र छापून उजळ माथ्याने विकली जाते.

गांजाच्या बाबतीत मात्र कायदा कठोर होतो. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा. नुसते पान त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून भांग राज्यांच्या नियमांवर सोपवलेली आणि 20 किलोंहून अधिक गांजाला किमान 10 वर्षांची सक्तमजुरी. कापसात वा तुरीत लावलेली झाडे सापडली की पाने-देठांसकट तोलली जातात; मग ते वजन खरे कशाचे, यावर उच्च न्यायालयात जामिनाचे वाद होतात.

या विषमतेवर नेहमी दोन युक्तिवाद ऐकू येतात. दोन्ही आम्हाला अमान्य आहेत. पहिला : दारू चालते, तर गांजा का नको? एक चूक दुसरीचा परवाना होत नाही. शिवाय एकदा कारखानदारी उभी राहिली की कायदा कसा लंगडतो, हे तंबाखूने दाखवलेच आहे. दुसरा : गांजा घातक, म्हणून तुरुंग. कोवळ्या वयातले सततचे सेवन मनोविकाराचा धोका वाढवते, हे खरे. पण घातकता हाच निकष असेल तर तंबाखूचा नंबर पहिला लागायला हवा. 2019 च्या केंद्रीय सर्वेक्षणात दारू पिणारे 14.6 टक्के, तर भांग, गांजा, चरस मिळून 2.8 टक्के आढळले. हा आकडा बंदीमुळेच लहान राहिला, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य असू शकेल. परंतु विक्रीला बंदी आणि ओढणाऱ्याला कैद या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्यांची नेमकी सरमिसळ होते.

ही सरमिसळ का होते, याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकांनी भाषेत शोधावे. दारुडा, गंजेटी हे तिरस्काराचे शब्द मराठीत मुबलक. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या तंबाखूच्या वाट्याला मात्र चंची आली, पाहुणचार आला. तिच्या व्यसनीसाठी तशी शिवी रूढ झालीच नाही. ‘मूकनायक’, ‘विद्याहरण’, ‘एकच प्याला’ या नाटकांनी दारूला रंगभूमीवर आणले. वकील सुधाकराला शोकांतिका मिळाली, प्रेक्षकांचे अश्रू मिळाले. गांजेकसाला आपण सहसा मठाच्या कोपऱ्यात, हसण्यापुरता बसवतो. कायद्याची प्रतवारीही अशीच आहे : पदार्थ काय करतो यापेक्षा तो कोण घेतो, हे ती आधी पाहते.

1893-94 च्या आयोगाने 1,193 साक्षी घेऊन गांजाची संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवली होती. त्या सरकारलाही कर हवाच होता. म्हणून त्याचा निष्कर्ष आम्ही वेदवाक्य मानत नाही. आमचे मागणे इतकेच, की तिन्हींना एकच माप लावा. सेवन करणाऱ्याला उपचार द्या, नफेखोर विक्रेत्याला आवरा, आणि ज्यांचे संसार मोडतात त्यांना विचारा. गावातल्या निम्म्या महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ निवडली तर दुकान बंद होते, ही तरतूद महाराष्ट्रात आहेच.

शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असे 2003 चा कायदा सांगतो. ‘एकच प्याला’वरचा तास संपवून आम्ही प्राध्यापक ज्या टपरीवर थांबतो, तिचे अंतर आम्ही कधी मोजलेले नाही.