ओळख पटली का?

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ परवा आम्ही उभयतांनी पुन्हा पाहिला. १९६४ सालच्या चित्रपटाचा शेवट सांगितला म्हणून वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला. काशिनाथ घाणेकरांनी रंगवलेल्या वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. पुढे पोलीस हुबेहूब तशीच बाई पकडतात. ‘मीच यांची पत्नी,’ असे ती सांगते, संसारातल्या खाजगी खुणा सांगते. नवऱ्याला पटत नाही. अखेर उलगडा होतो: गेली ती जुळी बहीण, आरोपी म्हणून उभी असलेली खरी बायको. राज खोसलांनी १९६६ मध्ये हीच गोष्ट ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत आणली.

जुळ्या बहिणीची युक्ती सोपी आहे, असे काहीजण म्हणतात. मला ती खटकत नाही. खटकते ते हे, की रहस्य सुटल्याबरोबर आपण त्या नवऱ्याला माफ करून टाकतो. इतकी वर्षे संसार केलेली बाई समोर उभी असताना त्याला साक्षीपुरावा लागला! हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’तही (१९५८) नायकाला ती बाई कळते, ती गळ्यातल्या हारावरून. तिथे ती जिवाला मुकते. आपल्याकडे घरी परतते. म्हणून आपला शेवट गोड म्हणायचा.

बँकेत माझा जन्म सह्या ताडून पाहण्यात गेला. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या शाखेत असताना एका बाईंची सही नमुन्याशी जुळेना. शेजारी यजमान उभे होते. ‘सही यांचीच ना?’ मी विचारले. ते गोंधळले. म्हणाले, ‘साहेब, हिची सही मी कधी पाहिलीच नाही.’ बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. फोटो पाहून मी काम करून दिले. त्या यजमानांना मी मनातल्या मनात हसलोही होतो.

परवा चित्रपट संपल्यावर मी सौ.ला विचारले, ‘तुझ्यावर अशी वेळ आली, तर तू कोणती खूण सांगशील?’

‘मी कशाला सांगू?’ ती म्हणाली. ‘तुम्ही सांगा.’

मला चटकन एकही आठवली नाही. कोर्टात उलटतपासणी व्हायला हवी होती ती त्या नवऱ्याची, हे मला तेव्हा कळले.