आजी हात कोठें टेकते?

गेल्या वर्षीं आमचें न्हाणीघर नवें करावयाचें ठरलें. गवंड्याशीं सर्व बोलणें मींच केलें. पुतणी नुकतीच कॉलेजांत जाऊं लागलेली, तिनें विचारलें, “काका, आजी उठतांना हात कोठें टेकते, तें पाहिलेंत का?” “तुला यांतलें काय कळतें?” म्हणून मीं तिला गप्प बसविलें. गुळगुळीत फरशी बसली, आणि महिन्याच्या आंत आई तीवर घसरून पडली. मनगटावरच निभावलें, एवढेंच!

वस्तु घडविण्यापूर्वीं ती वापरणाराच्या अडचणींत शिरावयाचें, या पद्धतीस हल्लीं ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात. तिला बुद्धीहून स्वभाव अधिक लागतो.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत 2007 सालीं चार विद्यार्थ्यांस एक काम मिळालें: अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस ऊब देणारी कांचेची पेटी स्वस्तांत तयार करावयाची. त्यांच्यापैकीं लायनस लियांग नेपाळांत गेला. तेथील रुग्णालयांत पेट्या होत्या, पण रिकाम्या! मुलें जन्मत दूरच्या खेड्यांत; तीं पेटीपर्यंत पोंचतच नसत. तेव्हां या मंडळींनीं पेटीचा नाद सोडला आणि बाळास गुंडाळण्याची एक पिशवी केली. तींत मेणासारखा एक पदार्थ असतो. तो एकदां तापविला, कीं कित्येक तास 37 अंशांची ऊब टिकते. पुढें हिंदुस्थानांतील एका खेड्यांत एक आई म्हणाली, कीं डॉक्टरी औषध कडक, म्हणून आम्ही निम्मेंच देतों. 37 सांगाल तर मी 30 वरच थांबेन. त्या आईस अडाणी ठरविणें सोपें होतें. त्यांनीं आंकडेच काढून टाकले. ‘ठीक’ कीं ‘ठीक नाहीं’ एवढी खूण ठेविली.

दुसऱ्याविषयीं आस्था, उत्तर सांपडेपर्यंत अनिश्चितता सोसण्याचें धैर्य आणि आपलीच आवडती कल्पना टाकून देण्याची तयारी, हे ते गुण. परीक्षेच्या गुणपत्रिकेंत यांस रकाना नसतो. विशींतल्या मुलामुलींत ते उमलूं पाहतात, आणि आम्हां वडीलधाऱ्यांच्या एका ‘गप्प बैस’नें मिटून जातात. वस्तुतः एकत्र कुटुंबासारखी यांची शाळा नाहीं: अर्भकापासून वृद्धापर्यंत सर्वांच्या अडचणी एकाच छपराखालीं!

गेल्या महिन्यांत न्हाणीघराच्या भिंतीस आधाराची दांडी बसविली. ती किती उंचीवर असावी, तें पुतणीनें आजीस तेथें उभें करून ठरविलें. मीं फक्त गवंड्याचे पैसे दिले.