वर्गात न शिकविता येणारा विषय

सन २०२२ च्या अखेरीस भारतातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते व त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले निकाली निघावयाचे होते. म्हणजे चारांतील तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. न्यायालयीन विलंबावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते निराळ्या आणि वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीविषयी. गुन्हेशास्त्र व बंदिसुधारणा हे विषय आपली विद्यापीठे शिकवितात तरी कसे?

कायदा उदार नाही, असे कोणी म्हणणार नाही. एकवीस वर्षांखालील अपराध्यास, जन्मठेपेस पात्र असे गुन्हे वगळता, तुरुंगात धाडण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असे १९५८ चा कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेने, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असता त्याच्या सुटकेची वाट, काही अपवाद सोडून, मोकळी केली. परंतु तो अहवाल लिहावयाचा कोणी? बराकीतल्या पोराचे गावी कोण आहे, त्याला जामीन कोण राहील, याचा शोध घ्यावयाचा कोणी? हा माणूस विद्यापीठाने घडवावयाचा आहे.

तो व्याख्यानांनी घडत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० साली ‘प्रयास’ हा उपक्रम सुरू करून पोलीस ठाणे, न्यायालय व तुरुंग येथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेले, ते हे ओळखूनच. विद्यार्थी प्रथमच बराकीत जातो तेव्हा एक तर विरघळतो, नाही तर दगड होतो. कोणाला तरी ‘तुमच्या घरी निरोप पोचवितो’ असा शब्द देऊन बसतो आणि पुढे तो पाळता येत नाही. अशा वेळी त्याची नोंदवही उघडून ‘हे तू पाहिलेस, की तुला कोणी सांगितले?’ असे विचारणारा शिक्षक पाठीशी हवा. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत खडू झिजविला आहे. शिकविण्याहून वह्या तपासणे अवघड, हा आमचा अनुभव. येथे तर वहीतील एका निष्काळजी वाक्याने उद्या कोणाची वर्षे तुरुंगात जावयाची असतात.

आणि नेमके हेच काम आमच्या विद्यापीठीय हिशेबात उपेक्षित राहते. व्याख्यानाचा तास मोजला जातो. तुरुंगाच्या फाटकाशी परवानगीसाठी ताटकळण्यात गेलेली सकाळ मोजावयाची कोणाला सुचते? त्यातून शिक्षक कंत्राटी असला, तर विद्यार्थी पदवी घेईपर्यंत आपण तेथे असू की नाही, याचीच त्याला शाश्वती नसते. मग शिष्याचा हात धरावयाचा तो कोणत्या भरवशावर?

आमची मागणी मोठी नाही. क्षेत्रकार्याच्या मार्गदर्शनाचे तास अध्यापनात धरावेत, एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी द्यावेत आणि ही पदे कायम करावीत. पैसा नाही, हे उत्तर तयारच असेल. निकालाची वाट पाहणाऱ्या लाखो माणसांना पोसण्यास तो कोठून येतो, हेही मग त्याच कागदावर मांडून दाखवावे.